दृष्टिमापन पदवीचे पहिले वर्ष

बारावी विज्ञान शाखेनंतर ज्या वाटा खुल्या होतात, त्यांत दृष्टिमापनशास्त्राची, म्हणजेच ऑप्टोमेट्रीची पदवी ही एक होय. तथापि पहिल्या वर्षी नेमके काय शिकावे लागते याची कल्पना विद्यार्थ्यास नसते, पालकांस नसते आणि सल्ला देणाऱ्या शिक्षकांसही पुष्कळदा नसते. ‘चष्म्याचा नंबर काढण्याचे शिक्षण’ एवढ्याच समजुतीवर प्रवेश घेतलेला विद्यार्थी पहिल्या सहामाहीतच गोंधळून जातो. शेतकरी कुटुंबाने शुल्कासाठी व वसतिगृहासाठी उभा केलेला पैसा अशा वेळी पणास लागलेला असतो.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. डोळ्यावर शस्त्रक्रिया करणारा तो नेत्रतज्ज्ञ डॉक्टर. चष्मा बनवून देणारा तो चष्मेवाला. दृष्टिमापनतज्ज्ञ या दोहोंच्या मधला. तो दृष्टी तपासतो, भिंगाची शक्ती ठरवितो आणि मोतीबिंदू, काचबिंदू यांसारख्या विकारांची चाहूल लागताच रुग्णास डॉक्टरकडे पाठवितो. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. परंतु केवळ शस्त्रक्रियांनी हा प्रश्न सुटणारा नाही, कारण कितीतरी लोकांची अधू दृष्टी योग्य चष्म्यानेच सुधारते. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिकविषयक केंद्रीय कायद्याने या व्यवसायास वैधानिक चौकट दिली आहे.

गणिताशी गाठ

पहिल्या वर्षाचा कणा म्हणजे प्रकाशशास्त्र. परावर्तन, अपवर्तन, अंतर्वक्र व बहिर्वक्र भिंगे हे सारे शाळेत शिकलेलेच असते. येथे मात्र ते हिशेबासह हाती घ्यावे लागते. भिंगाची शक्ती डायॉप्टर या एककात मोजतात. मीटरमध्ये मोजलेल्या नाभीय अंतराने एकास भागले की ती मिळते. ज्या ऱ्हस्वदृष्टी मनुष्यास ५० सेंटिमीटरपलीकडचे अंधुक दिसते, त्यास सुमारे उणे २ डायॉप्टरचे भिंग लागते. हे उदाहरण सोपे आहे. परंतु दोन पृष्ठभागांची जाड भिंगे आणि अधिक-उणे चिन्हांचे संकेत आले की गणित टाळून जीवशास्त्रावर भिस्त ठेवलेल्या विद्यार्थ्यांची परीक्षा होते. बारावीनंतरच्या सुट्टीत भिंगांचे प्रकरण पुन्हा सोडविणे हीच यावरील उत्तम तयारी.

प्रात्यक्षिकात एक साधी पण मनोरंजक रीत शिकवितात. चष्मा हाती धरून त्यातून दूरच्या उभ्या रेषेकडे पाहावे आणि चष्मा हळूच बाजूला सरकवावा. रेषा चष्म्याबरोबर सरकली तर भिंग उणे. उलट दिशेस सरकली तर अधिक. चष्मा गोल फिरविल्यावर रेषा तिरपी होऊ लागली, तर भिंगात दंडगोल शक्ती आहे असे समजावे. ज्यास आपण ‘चाळिशी’ म्हणतो तो वाचनाचा चष्मा घेऊन हा प्रयोग कोणत्याही वर्गात करून दाखविता येईल.

डोळ्याचा अभ्यास

दुसरी बाजू शरीररचना, शरीरक्रिया व जीवरसायन यांची. प्रौढ माणसाचा नेत्रगोल मागेपुढे सुमारे २४ मिलिमीटर असतो आणि त्यास फिरविणारे स्नायू सहा. डोळ्याची एकूण शक्ती सुमारे ६० डायॉप्टर. त्यातील सुमारे दोनतृतीयांश शक्ती आतल्या भिंगाची नव्हे, तर पुढच्या पारदर्शक पटलाची, ही गोष्ट अनेकांना नवी वाटते. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावी रातांधळेपणा का येतो, याचे उत्तर जीवरसायनात मिळते. हा भाग पाठांतराचा आहे हे खरे. पण आकृती स्वतः काढल्याखेरीज तो लक्षात राहत नाही.

मराठी माध्यमातून आलेल्यांस खरी अडचण भाषेची. कॉर्निया, आयरिस, रेटिना अशा शेकडो संज्ञांचा पहिल्याच आठवड्यापासून मारा होतो. दृष्टिपटल हा शब्द ज्यास ठाऊक आहे, त्यास रेटिना ही कल्पना नवी नसते. नवे असते ते केवळ नाव. दोन्ही भाषांतील शब्दांची वही ठेवणाऱ्याचा हा अडसर लवकर दूर होतो.

पहिल्या वर्षी रुग्ण स्वतंत्रपणे तपासावयास मिळत नाही. सहा मीटरवरील अक्षरतक्ता वाचवून घेणे, डोळा झाकून एकेक बाजू पाहणे, नोंदी लिहिणे आणि वरिष्ठांचे काम पाहणे एवढेच वाट्याला येते. घाई झालेल्यांस हे रटाळ वाटते. परंतु एका डोळ्याने नीट दिसणारे मूल दुसरा डोळा अधू असल्याची तक्रार कधीच करीत नाही आणि वेळीच उपचार न झाल्यास तो डोळा कायमचा आळशी राहू शकतो. असे मूल हाती लागते ते याच साध्या तपासणीत.

प्रवेशापूर्वी तीन गोष्टींची चौकशी करावी. महाविद्यालयास विद्यापीठाची मान्यता आहे काय, नेत्ररुग्णालय संलग्न आहे काय आणि शेवटची आंतरवासिता कोठे होते. प्रवेशाच्या अटी चालू वर्षाच्या माहितीपत्रकातच पाहाव्यात. जुन्या विद्यार्थ्यांच्या सांगण्यावर विसंबू नये.