संगणकावर सूत्र लिहिताना
(द्वितीय वर्ष कला)

कला शाखेच्या वार्षिक अंकात सूत्रे आणि समीकरणे कशाला, असे म्हणून वाचकांनी पान उलटू नये, ही विनंती. अर्थशास्त्र, भूगोल किंवा मानसशास्त्र घेणाऱ्या आपणा सर्वांना प्रकल्पाच्या वेळी कोठे ना कोठे एखादे सूत्र लिहावेच लागते. ते लिहिताना आपण जे करतो त्याला लेखन म्हणण्यापेक्षा जुळवाजुळव म्हणणेच योग्य. मीही तीच केली होती. तिचे फळ काय मिळाले ते प्रथम सांगते.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. प्रकल्पाचा विषय होता गावातील खासगी कर्जे. तेव्हा माहितीसाठी लांब न जाता पहिली नोंद घरचीच घेतली. आबांनी म्हशीसाठी ४०,००० रुपये घेतले होते, दर शेकडा दोन रुपये महिना, आणि थकलेले व्याज दरमहा मुद्दलात मिळवले जाई. चक्रवाढीचे सूत्र शाळेपासून आपल्या परिचयाचे आहे. रास म्हणजे मुद्दल गुणिले कंसात एक अधिक दर भागिले शंभर, आणि त्या कंसाच्या उजव्या खांद्यावर लहान आकारात न, म्हणजे महिन्यांची संख्या. बारा महिन्यांची रास ५०,७३० रुपयांच्या आसपास येते. सरळव्याजाने ती ४९,६०० आली असती. वरचे अकराशेतीस रुपये हे व्याजावरचे व्याज. हा फरक दाखवणे हाच माझ्या प्रकल्पाचा गाभा होता.

टंकलेखन बाहेरच्या एका दुकानात करून घेतले. प्रत हातात आली ती मी न वाचताच सरांच्या टेबलावर ठेवली. सरांनी ते पान पाहिले आणि विचारले, "हा न कंसाच्या शेजारी बसलाय. म्हणजे कंस गुणिले बारा ना? मग रास झाली ४,८९,६०० रुपये. तुझ्या वडिलांनी एका म्हशीपायी जवळजवळ पाच लाख फेडले का गं?" वर्ग हसला. मी मान खाली घातली. सरांनी आठ दिवसांची मुदत दिली आणि सूत्र नीट लिहिल्याखेरीज तक्ता स्वीकारणार नाही, असे बजावले. घरी हे सांगितले तेव्हा चौथी शिकलेले आबा म्हणाले, "पाच लाखांत गोठा भरला असता की!" त्यांना सूत्र वाचता येत नाही, पण उत्तर चुकले आहे हे त्यांना पान न पाहता कळले.

आता हा न खाली का उतरला? दुकानदाराने तो वर उचलला होता, पण सुपरस्क्रिप्टचे बटण दाबून. हे बटण अक्षराला केवळ सजवते, जसे ठळक किंवा तिरपे करावे तसे. मजकूर एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये नेताना 'फक्त मजकूर' असा पर्याय निवडला की सारी सजावट गळून पडते. ठळक अक्षर साधे झाले तर वाक्याचा अर्थ बदलत नाही. सूत्रात मात्र अक्षर कोठे बसले आहे यातच अर्थ असतो. खांद्यावरचा न म्हणजे घात, शेजारचा न म्हणजे गुणाकार.

वर्गमूळाचेही तसेच. चिन्हांच्या यादीतून मुळाचे चिन्ह उचलून त्यापुढे ३६/४ लिहिले, तर ते छत्र फक्त ३६ वर आहे की संपूर्ण अपूर्णांकावर? पहिल्या वाचनाने उत्तर दीड, दुसऱ्याने तीन. प्रमाण विचलनाच्या सूत्रात आपण सगळे हीच संदिग्धता छापत असतो.

ही अडचण आपल्यापुरती नाही, आणि नवीनही नाही. यांत्रिक टंकलेखन यंत्राच्या काळी प्रबंधात सूत्राची जागा कोरी सोडत आणि लेखक ती शाईने भरत असे. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतील ब्रायन कर्निघन आणि लोरिंडा चेरी यांनी १९७५ च्या सुमारास 'ई-क्यू-एन' नावाची भाषा मांडली. गणित न येणाऱ्या टंकलेखकालाही सूत्र उतरवता यावे, हा तिचा हेतू. आपण तोंडाने 'अमुक छेद तमुक' म्हणतो, तसेच तिच्यात 'ओव्हर' हा शब्द लिहायचा. पुढे १९७७ मध्ये डोनाल्ड कनूथ यांनी आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहिली. जुनी शिशाच्या खिळ्यांची जुळणी जाऊन प्रकाशजुळणी आली होती आणि सूत्रांचे रूप त्यांना मुळीच आवडले नाही. त्यांनी स्वतःच 'टेक' ही जुळणीपद्धती रचायला घेतली. थोड्या काळात उरकेल असे वाटलेले ते काम दहा वर्षांहून अधिक चालले. विज्ञान शाखेचे पुष्कळ संशोधक आजही तिच्यावर उभारलेली 'लाटेक' वापरतात. आपल्याला एवढ्या खोल पाण्यात शिरण्याचे कारण नाही.

वर्डमध्ये इन्सर्ट या पट्टीवर उजवीकडे इक्वेशन असते. त्याहून सोपे म्हणजे ऑल्ट ही कळ दाबून धरून बरोबरचे चिन्ह दाबावे. एक चौकट उघडते. तिच्यात सूत्र एका ओळीत, जसे बोलतो तसे लिहायचे. घातासाठी सहाच्या कळीवरचे ^ हे चिन्ह, मग न, मग स्पेस. स्पेस दाबताच न आपोआप खांद्यावर जाऊन बसतो. अपूर्णांकासाठी अंश कंसात, मग तिरकी रेघ, मग छेद कंसात, आणि पुन्हा स्पेस. अंश वर, छेद खाली आणि कंस नाहीसे. मुळासाठी उलटी तिरकी रेघ, तिला लागून एस-क्यू-आर-टी ही अक्षरे, मग स्पेस, आणि ज्यावर छत्र हवे ते सर्व कंसात. सगळी गंमत त्या स्पेसमध्ये आहे. ती न दाबणारे "आमच्या वर्डमध्ये हे चालत नाही" म्हणून उठून जातात. मीही एकदा उठले होते.

कळफलक मात्र आधी इंग्रजीवर आणावा. मराठी इनस्क्रिप्टवर सहाच्या कळीला शिफ्ट लावला की घाताच्या चिन्हाऐवजी त्र उमटतो. चौकटीतील अक्षरे रोमनच ठेवावीत आणि खाली 'येथे अमुक म्हणजे मुद्दल' असा मराठी खुलासा द्यावा, हे मला सोयीचे वाटले.

लिबर ऑफिस फुकट मिळते. तेथे इन्सर्टच्या यादीत ऑब्जेक्टखाली फॉर्म्युला आहे, आणि त्याची भाषा ई-क्यू-एनच्याच धर्तीची, ओव्हर वगैरे शब्दांची आहे.

दोन धोके सांगितले पाहिजेत. पहिला जुन्या फाइल-प्रकाराचा. वर्डची फाइल १९९७-२००३ च्या प्रकारात साठवली की समीकरणांची चित्रे होतात आणि मग ती दुरुस्त करता येत नाहीत. काही दुकानांत सवयीने हाच प्रकार निवडतात. तेव्हा आधी विचारावे. दुसरा धोका कृतिदेवसारख्या जुन्या टंकांचा. त्यांत इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे केवळ रूप बसवलेले असते. माझ्या एका मैत्रिणीने साध्या ओळीत 'वाय = एक्स' असे रोमन अक्षरांत लिहिले होते. सर्व मजकुराला एकदम कृतिदेव लावला तेव्हा तेथे 'ल त्र ग' असे छापून आले. ती दोन दिवस तो शब्द कोशात शोधत होती, असे आम्ही तिला अजून चिडवतो.

सूत्राचा फोटो काढून चिकटवणे हा तर सर्वांचा आवडता मार्ग. छपाईत तो धूसर होतो, ही तक्रार लहान आहे. आमच्या वर्गातील अंध मित्र प्रकल्प संगणकाकडून वाचून घेतो. फोटो आला की यंत्र 'चित्र' एवढेच म्हणून पुढे जाते. इक्वेशनच्या चौकटीतले सूत्र मात्र योग्य जोड-सॉफ्टवेअर असेल तर ते वाचून दाखवू शकते. माझा पहिला मसुदा त्याने ऐकला तेव्हा त्याच्यासाठी त्या पानावर सूत्रच नव्हते, आणि हे मला त्याने सांगेपर्यंत सुचलेही नव्हते.

आठ दिवसांत मी प्रकल्पातील सातही सूत्रे स्वतः लिहिली. नव्या वर्डमध्ये सूत्राच्या शेवटी # आणि कंसात क्रमांक लिहून एंटर दाबले की क्रमांक उजव्या कडेला जातो, तेवढेही केले. या वेळी पी. डी. एफ. करून ती हस्तलिखिताशी ताडून पाहिली आणि मगच छापायला दिली. छापील प्रत हातात आल्यावर दुकानाच्या दारातच उभी राहून मी पहिल्या सूत्राचे पान उघडले आणि न कोठे बसला आहे ते पाहिले.