ध्वनीची कार्यशाळा

बेंगळूरच्या पूर्वेस, कोलारच्या वाटेवर होसकोटे हे गाव आहे. शहाजीराजांच्या जहागिरीत बेंगळूर व कोलार यांच्याबरोबर त्याचाही उल्लेख येतो. तेव्हा मराठी वाचकास ते अगदीच परके नाही. गावास विस्तीर्ण तलाव लाभला असून जवळच्या महामार्गावरून मालमोटारी धावत असतात. पाणपक्षी व मालमोटारी हे दोन्ही जेथे ऐकू येतात, असे ठिकाण ध्वनिकलेच्या कार्यशाळेस फार सोयीचे होय.

‘साउंड आर्ट’ यास येथे ‘ध्वनिकला’ हा शब्द योजिला आहे. संगीत निवडक स्वर घेते. ध्वनिकलेस मात्र फाटकाची कुरकुर, शिलाईयंत्राची खडखड, पाण्याची बुडबुड हे सारेच द्रव्य म्हणून चालते.

भारतात या कलेचा एक आरंभ १९६९ साली अहमदाबाद येथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेत झाला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तेथे ‘मूग’ जातीचे विद्युत्-वाद्य बसविले, आणि गीता साराभाई, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, आय. एस. माथुर, जिनराज जोशीपुरा आदींनी रचना केल्या. थोड्याच वर्षांत हे काम थांबले. त्या ध्वनिफिती पॉल पुर्गास या ब्रिटिश कलावंतास २०१७ साली संस्थेच्या संग्रहात आढळल्या. त्यांतील निवडक रचना २०२३ साली प्रसिद्ध झाल्या. मधली चाळीसहून अधिक वर्षे बाहेरच्या जगास त्यांचा जवळजवळ पत्ताच नव्हता. महागडे यंत्र एकाच जागी असले, की विद्याही त्याच भिंतींत अडकते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. यासाठी पुढील कृतीत मुद्दाम स्वस्त वस्तू घेतली आहे.

प्रथम दहा मिनिटे सर्वांनी डोळे मिटून बसावे व नंतर ऐकलेले आवाज लिहून काढावेत. पक्षी व भोंगे बहुतेकांच्या यादीत येतील. विजेच्या रोहित्राचा घुमारा क्वचितच येईल. आपल्याकडील वीजप्रवाहाची सेकंदास ५० आवर्तने होतात. प्रत्येक आवर्तनात रोहित्राचा लोखंडी गाभा दोनदा ताणला जातो. म्हणून त्या घुमाऱ्याचा मूळ सूर सेकंदास १०० कंपनांचा असतो. हे कळल्यावर पुन्हा ऐकावे. तोच आवाज आता सुटा ऐकू येतो.

मग साधन करावयास घ्यावे. खेळण्यांतील व गजरांतील भोंग्यात पितळेची एक पातळ चकती असते व तिच्यावर चिनीमातीसारख्या द्रव्याचा थर असतो. या थरावर दाब पडला की वीज निर्माण होते. या गुणधर्मास दाबविद्युत् म्हणतात. जाक व प्येर क्यूरी या बंधूंनी तो १८८० साली स्फटिकांत दाखविला. भोंग्यात विजेपासून कंप होतो, आपण कंपापासून वीज घेऊ. वेष्टित तारेचे जाळीदार आवरण पितळेस व आतील तार मधल्या थरास डाखावी. डाख झटपट द्यावा, कारण अधिक उष्णतेने थर बिघडतो. दुसरे टोक बॅटरीवर चालणाऱ्या लहान ध्वनिवर्धकास जोडावे. घरातील विजेवर चालणारे उपकरण या प्रयोगात कदापि वापरू नये. कर्णश्रवणी लावण्यापूर्वी आवाज अगदी कमी ठेवावा.

ही चकती हवेतील बोलणे फारसे पकडत नाही. ती ज्या वस्तूस टेकते तिचाच कंप सांगते. कुंपणाच्या तारेस चिकटविली, तर वाऱ्याचे गाणे ऐकू येते. शिलाईयंत्राच्या पाटीस लावल्यास प्रत्येक टाका मोजता येतो. रबरी लेप देऊन वाळविलेली चकती काठावरून पाण्यात सोडता येते. हवेत ध्वनी सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो, पाण्यात सुमारे १,५००. त्यामुळे बुडी मारलेल्या माणसास आवाज कोठून आला हे नीट सांगता येत नाही. तलावाच्या काठी मुलांना हा अनुभव आधी सांगू नये, चकतीने पाणी ऐकल्यावर त्यांना प्रश्न पडू द्यावा.

शेवटी प्रत्येक गटाने तीन मिनिटांची रचना बांधावी. आवाज कोठून घेतले, कोणत्या दिवशी, किती वाजता, हे प्रत्येक मुद्रणाबरोबर लिहावे. एक प्रत ज्याची त्याने घरी न्यावी, आणि दुसरी गावच्या वाचनालयात, मागेल त्यास ऐकता येईल अशी ठेवावी.