उपग्रह इंटरनेट आणि रेडिओलहरींची वाटणी

मोबाइल मनोरा नसलेल्या वाड्या-पाड्यांवर कृषिसल्ला पोहोचविण्यासाठी उपग्रह इंटरनेट हा एक पर्याय आहे. मात्र ही सेवा किती गावांना पुरेल, हे उपग्रहांच्या संख्येइतकेच रेडिओलहरींच्या म्हणजे स्पेक्ट्रमच्या वाटणीवरही अवलंबून असते.

दोन प्रकारचे उपग्रह
भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किमी उंचीवर असतात. ते आकाशात एकाच जागी दिसतात, म्हणून घरावरील डिश एकदा बसविली की फिरवावी लागत नाही. डीडी फ्री डिशवरील डीडी किसान वाहिनी अशाच उपग्रहावरून येते. याउलट स्टारलिंकचे उपग्रह त्याहून खूपच कमी उंचीवर, तर वनवेबचे सुमारे १,२०० किमी उंचीवर सतत फिरतात. अंतर कमी असल्याने संदेशास विलंब कमी लागतो आणि तज्ज्ञांशी दृक्-संवाद सुलभ होतो.

अडचण कोठे आहे?
दोन्ही प्रकार काही समान लहरी वापरतात. फिरता उपग्रह डिश व भूस्थिर उपग्रह यांच्या रेषेत आल्यास व्यत्यय येऊ शकतो. म्हणून २००० साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने फिरत्या उपग्रहांकडून जमिनीवर येणाऱ्या लहरींच्या शक्तीवर मर्यादा घातल्या.

कालव्याचे उदाहरण घेऊ. वरच्या चारीचे दार किती उघडावे हे कायमचे ठरवून दिले, परंतु टेलच्या शेतकऱ्याला पाणी पुरते का हे मोजलेच नाही, तर उपलब्ध पाणीही वाया जाते. लहरींबाबत असाच आक्षेप घेतला जातो. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने या मर्यादांचे पुनर्विलोकन सुरू केले. जुन्या सेवेचे प्रत्यक्ष नुकसान किती होते, त्यावर संरक्षण ठरवावे, हा त्यातील एक विचार होता. मात्र टेलचे मोजमाप चुकले, तर तोटा डिशधारकाचा होईल.

भारतातील स्थिती
दूरसंचार अधिनियम, २०२३ नुसार उपग्रह सेवांसाठी स्पेक्ट्रम लिलावाविना देता येतो. मे २०२५ मध्ये ट्रायने कंपन्यांच्या समायोजित सकल महसुलाच्या ४ टक्के आकारणीची शिफारस केली. फिरत्या उपग्रहांच्या स्थिर इंटरनेट सेवेसाठी शहरी ग्राहकामागे वर्षाला ५०० रुपये अतिरिक्त सुचविले. ग्रामीण ग्राहकांना त्यातून वगळले.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी
जोडणी सुचविताना झाडे व इमारतींचा आडोसा नसलेली जागा आणि विजेची पर्यायी सोय पाहावी. खर्च विभागण्यासाठी शेतकरी उत्पादक कंपनी किंवा ग्रामपंचायतीत सामायिक जोडणीचा विचार करावा.