कंपनी कायद्याचे पदव्युत्तर शिक्षण : पात्रता आणि पूर्वतयारी

कायद्याचे शिक्षण म्हणजे काळा कोट आणि न्यायालय, अशी समजूत आपल्या गावांतून अद्याप रूढ आहे. ती चुकीची नसली तरी अपुरी आहे. व्यापार, उद्योग, बँका, सहकार आणि शेती या सर्व क्षेत्रांत आज कंपनी हा संघटनेचा एक प्रमुख प्रकार झाला आहे. तिची स्थापना, तिचा कारभार, तिच्यावरील कर्ज आणि प्रसंगी तिचा शेवट या सर्वांचे नियमन करणाऱ्या कायद्यांच्या समूहास ‘कॉर्पोरेट लॉ’ अथवा निगम विधी असे म्हणतात. या विषयात एलएल. एम. ही पदव्युत्तर पदवी घेण्याची इच्छा अनेक विद्यार्थी व्यक्त करतात. परंतु प्रवेशाच्या अटी वेळीच ठाऊक नसल्याने काहींची वाट अर्ध्यावरच अडते. या अटींची माहिती विद्यार्थी, पालक व शिक्षक यांना एकत्र मिळावी, हा या लेखाचा हेतू आहे.

गावाशी या विषयाचा संबंध

गोमंतकातील ग्रामस्थास कंपनीची कल्पना परकी वाटू नये. कोमुनिदादची जमीन कोणा एका गावकराची नसते, ती संस्थेच्या नावे असते. गावकर येतात आणि जातात, संस्था मात्र टिकून राहते. कंपनीचेही तसेच आहे. भागधारक वेगळे आणि कंपनी वेगळी, हे तत्त्व इंग्लंडातील हाउस ऑफ लॉर्ड्सने सन १८९६ मध्ये सॅलोमन खटल्यात निःसंदिग्धपणे मान्य केले. आजही या विषयाचा पहिला पाठ तोच असतो.

व्यवहारातील दोन उदाहरणे घेऊ. दहा किंवा अधिक उत्पादक शेतकरी एकत्र येऊन उत्पादक कंपनी स्थापन करू शकतात. तिला किमान पाच व कमाल पंधरा संचालक असावे लागतात. ही तरतूद सन २००२ मध्ये जुन्या कंपनी कायद्यात आली आणि सन २०२० च्या दुरुस्तीने ती सन २०१३ च्या कंपनी कायद्यात समाविष्ट झाली. काजू, नारळ वा भाजीपाला पिकविणाऱ्यांना हा मार्ग खुला आहे. दुसरे उदाहरण कारखान्याचे. कर्जबाजारी कंपनी अवसायनात निघाली तर तिच्या मालमत्तेतून कोणाचे देणे आधी फेडावयाचे, हे सन २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने ठरवून दिले आहे. अवसायनापूर्वीच्या चोवीस महिन्यांचे कामगारांचे देणे, आपले तारण सोडून दिलेल्या धनकोंच्या बरोबरीने धरले जाते. ज्या घरातील कमावता माणूस औद्योगिक वसाहतीत कामास जातो, त्या घरास हे कलम ठाऊक असणे किती मोलाचे आहे, हे वेगळे सांगावयास नको.

गोव्याच्या कंपनी निबंधकांचे कार्यालय पणजीत आहे. राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाचे संबंधित पीठ मात्र मुंबईस आहे. गावाची अडचण समजून घेऊन ती योग्य त्या भाषेत तेथवर पोचविणारे जाणकार आपल्यांतूनच तयार झाले पाहिजेत.

पहिली अट : विधी शाखेची पदवी

एलएल. एम. साठी मूलभूत अर्हता एकच आहे, ती म्हणजे मान्यताप्राप्त विद्यापीठाची एलएल. बी. ही पदवी. ती दोन मार्गांनी मिळते. बारावीनंतर पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम हा एक मार्ग. कोणत्याही शाखेची पदवी घेतल्यानंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम हा दुसरा. दोन्ही मार्ग समान दर्जाचे आहेत. वाणिज्य शाखेतूनच यावे लागते, असा समज सर्वत्र आढळतो. तो निराधार आहे. मराठी, इतिहास वा रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झालेला विद्यार्थीही विधी पदवीनंतर कंपनी कायद्याकडे वळू शकतो.

ज्या महाविद्यालयातून ही पदवी घ्यावयाची, त्यास भारतीय विधिज्ञ परिषदेची, म्हणजेच बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता असली पाहिजे. पत्रव्यवहाराद्वारे घेतलेली विधी पदवी ग्राह्य धरली जात नाही. वर्गातील उपस्थितीसह नियमित शिक्षण घेणे आवश्यक आहे.

दुर्लक्षित राहणारी अट

येथे एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधणे अगत्याचे आहे. परिषदेच्या सन २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार, दहावी व बारावी अशी पायाभूत अर्हता नसताना ज्यांनी मुक्त विद्यापीठातून थेट पदवी घेतली, ते विधी अभ्यासक्रमाच्या प्रवेशास पात्र ठरत नाहीत. याचा अर्थ मुक्त विद्यापीठाची पदवी निरुपयोगी आहे, असा मुळीच नव्हे. रीतसर बारावी उत्तीर्ण होऊन नंतर दूरशिक्षणाने पदवी घेतलेल्यांना हाच नियम पात्र मानतो. अडचण येते ती मधली पायरी गाळली असेल तर.

घरच्या परिस्थितीमुळे शाळा सुटलेला एखादा तरुण पुढे नोकरी सांभाळून पदवी मिळवितो, तिचा त्याला रास्त अभिमान असतो, आणि विधी महाविद्यालयाच्या दारात त्याला बारावीची गुणपत्रिका विचारली जाते. तेव्हा हळहळण्याखेरीज काही उरत नाही. म्हणून शाळा सोडू पाहणाऱ्या विद्यार्थ्यास हा नियम सांगणे हे शिक्षकांचे व पंचायतीतील जाणत्या मंडळींचे कर्तव्य आहे. बारावीची परीक्षा बाहेरून का होईना, आधी उत्तीर्ण व्हावे, मग पदवीचा विचार करावा.

गुणांची अट

विधी पदवीच्या प्रवेशासाठी त्यापूर्वीच्या पात्रता परीक्षेत किमान ४५ टक्के गुण आवश्यक आहेत. इतर मागासवर्गीयांसाठी ही मर्यादा ४२ टक्के आणि अनुसूचित जाती व जमातींसाठी ४० टक्के आहे. पदव्युत्तर पातळीवर चित्र बदलते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या सामाईक प्रवेशपरीक्षेसाठी विधी पदवीस किमान ५० टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती व जमातींच्या उमेदवारांसाठी ही मर्यादा ४५ टक्के आहे. इतर मागासवर्गीय उमेदवारांना मात्र पात्रतेच्या या किमान गुणांत सवलत नाही. जागांमधील आरक्षण ही वेगळी बाब असून पात्रतेची किमान मर्यादा ही वेगळी, हा फरक नीट ध्यानात घ्यावा. पहिल्या वर्षी ‘पास झालो म्हणजे झाले’ असे मानणारा विद्यार्थी शेवटच्या वर्षी टक्केवारीची बेरीज करू लागतो, तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

प्रवेशपरीक्षा

सन २००८ मध्ये सुरू झालेली सामाईक विधी प्रवेशपरीक्षा ‘क्लॅट’ या नावाने ओळखली जाते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांचा महासंघ ती घेतो. बंगळूर, हैदराबाद, भोपाळ, जबलपूर, गांधीनगर, मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठांत एलएल. एम. चा प्रवेश या परीक्षेतून होतो. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची परीक्षा मात्र स्वतंत्र आहे.

सन २०२५ च्या प्रवेशासाठी ही परीक्षा १ डिसेंबर २०२४ रोजी झाली. तिच्या पदव्युत्तर प्रश्नपत्रिकेत दोन तासांत १२० वस्तुनिष्ठ प्रश्न होते. बरोबर उत्तरास एक गुण मिळे आणि चुकीच्या उत्तरामागे पाव गुण वजा होई. अर्जाचे शुल्क सर्वसाधारण उमेदवारास ४,००० रुपये व अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारास ३,५०० रुपये होते. वयाची कमाल मर्यादा नव्हती. विधी पदवीच्या अंतिम वर्षातील विद्यार्थीही अर्ज करू शकतात. मात्र ठरलेल्या मुदतीत उत्तीर्ण झाल्याचा पुरावा सादर करावा लागतो.

विशेष म्हणजे ही परीक्षा केवळ कंपनी कायद्यावर नसते. संविधान, विधिशास्त्र, करार, अपकृत्य, फौजदारी कायदा, मालमत्ता, कुटुंब, प्रशासन, पर्यावरण, कामगार, कर व आंतरराष्ट्रीय कायदा हे विषयही तिच्यात असतात. ज्याने पदवीचे सर्व विषय मनापासून वाचले, त्याचीच येथे सरशी होते. राज्य विद्यापीठे व त्यांच्याशी संलग्न महाविद्यालये यांचे नियम निरनिराळे आहेत. उदाहरणार्थ, तेलंगणात पदव्युत्तर विधी शिक्षणासाठी राज्याची वेगळी प्रवेशपरीक्षा घेतली जाते. म्हणून ज्या संस्थेत जावयाचे, तिचे माहितीपत्रक त्या वर्षीचेच वाचावे.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

एलएल. एम. पूर्वी सर्वत्र दोन वर्षांचे होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने सन २०१२ मध्ये आखलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनंतर एक वर्षाचा, २४ श्रेयांकांचा अभ्यासक्रमही सुरू झाला. त्यात संशोधनपद्धतीसह तीन अनिवार्य विषय, विशेष शाखेचे सहा विषय व प्रबंध यांचा समावेश असतो. कंपनी कायदा ही विशेष शाखा घेणाऱ्यास कंपनी कायद्याबरोबरच भांडवल बाजार, स्पर्धा, दिवाळखोरी व गुंतवणूक यांविषयीचे कायदे अभ्यासावे लागतात. वकिली करण्यास एलएल. एम. आवश्यक नाही, विधी महाविद्यालयात अध्यापन करावयाचे असल्यास मात्र ती पदवी लागते. आयोगाच्या सन २०१८ च्या विनियमांनी सहायक प्राध्यापकपदासाठी पदव्युत्तर पदवीस सर्वसाधारणपणे ५५ टक्के गुण आणि ‘नेट’ अथवा तत्सम अर्हता ठरविली.

विधी पदवी नसलेल्यांसाठी

बँकेतील कर्मचारी, सहकारी संस्थेचे सचिव, कंपनी सचिवाची परीक्षा उत्तीर्ण झालेले वा एम. कॉम. झालेले तरुण ‘आम्हांस थेट एलएल. एम. करता येईल काय?’ असे विचारतात. याचे उत्तर नकारार्थी आहे. विधी पदवीची अट न घालता दिल्या जाणाऱ्या पदवीस एलएल. एम. हे नाव देता येणार नाही, असे विधिज्ञ परिषदेच्या सन २०२० च्या नियमांत स्पष्ट केलेले आहे. तथापि, ज्ञानाची वाट बंद नाही. व्यापारविषयक कायद्यांच्या पदविका व कोणत्याही शाखेच्या पदवीधरास खुले असलेले अभ्यासक्रम काही विद्यापीठे चालवितात. नोकरीतील उपयोगासाठी ते चांगले आहेत. केवळ त्यांची जाहिरात पाहून त्यांस एलएल. एम. समजू नये.

भाषेची तयारी

‘क्लॅट’ इंग्रजीतून असते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यास याची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. त्यावर उपाय आहे, पण तो एका महिन्याचा नाही. प्रादेशिक भाषांतील केंद्रीय कायद्यांचे पाठ प्राधिकृत करण्याची तरतूद सन १९७३ च्या अधिनियमाने केलेली आहे. जेथे असा मराठी पाठ उपलब्ध असेल, तेथे तो इंग्रजी कलमाशेजारी ठेवून वाचावा. महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश हाताशी असावा. आशय मातृभाषेत पक्का झाला की परक्या भाषेतील शब्द डोईजड होत नाही.

सारांश

बारावीची गुणपत्रिका, मान्यताप्राप्त महाविद्यालयाची विधी पदवी, तीत किमान गुण आणि प्रवेशपरीक्षेतील यश, अशा या चार पायऱ्या आहेत. यांपैकी शेवटची तेवढी अर्ज करण्याच्या वर्षी चढावयाची असते. आधीच्या तीन त्यापूर्वी कित्येक वर्षे चढाव्या लागतात. म्हणून ही माहिती पदवीधरापेक्षाही दहावी-बारावीच्या वर्गात अधिक उपयोगाची आहे. शाळांनी ती सूचनाफलकावर लावावी व पालकसभेत वाचून दाखवावी. उत्पन्न, रहिवास व जातीचे दाखले तसेच मूळ गुणपत्रिका विद्यार्थ्यांनी आतापासूनच जपून ठेवाव्यात. गुणवत्तेची आपल्या गावांत वाण नाही. केवळ माहितीअभावी ती मागे राहू नये, याची काळजी आपण सर्वांनी मिळून घेतली पाहिजे.