रेल्वेगाडीची निगा राखणारे कारागीर

मनमाड ते हैदराबाद हा लोहमार्ग १९०० साली वाहतुकीस खुला झाला आणि औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, आगगाडीने जोडले गेले. हा मार्ग मीटर गेजचा होता. दोन रुळांतील अंतर एक मीटर. मुंबईचा मार्ग मात्र ब्रॉडगेजचा, १६७६ मिलिमीटर अंतराचा. त्यामुळे मनमाडास प्रवाशांना गाडी बदलावी लागे व माल उतरवून पुन्हा भरावा लागे. पुढे विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मार्ग रुंद झाला आणि ही अडचण संपली.

दुसरी अडचण मात्र उरली. गाडी एखाद्या गावातून सुटावयाची, तर ती तेथे धुतली व तपासली गेली पाहिजे. त्यासाठी रुळांमध्ये लांब खंदक बांधतात. त्यास ‘पिट लाइन’ म्हणतात. कारागीर खंदकात उतरून डब्याचा तळ खालून न्याहाळतो. नवी गाडी मागणे सोपे. पण ही सोय नसेल, तर ती सुटणार कोठून? या शहरातील अशा मार्गिकेची पायाभरणी ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली.

पूर्वी कारागीर चाकावर हातोडीने ठोकून पाहत. कुंभाराकडे मडके घेताना आपण ते वाजवून पाहतो. तडा गेलेले मडके बद्द वाजते. चाकाचेही तसेच. आता चाकातील व आसातील दोष हुडकण्यास ध्वनिलहरींची यंत्रेही असतात, तथापि कानाचा व डोळ्याचा सराव सुटत नाही. आसाची पेटी अतिशय तापली आहे काय, स्प्रिंग मोडली आहे काय, चाकाची कडा झिजून पातळ झाली आहे काय, हे पाहावे लागते. दोष आढळलेल्या डब्यास कारागीर ‘सिक’ म्हणतात व तो गाडीतून तोडून वेगळा काढतात.

ब्रेकची रचना मोठी चतुर आहे. सर्व डब्यांतून एक नळी जाते; तीत दाबलेली हवा असते. दाब कमी झाला की ब्रेक लागतात. म्हणून गाडी मध्येच तुटली, तरी नळीतील हवा निघून जाऊन दोन्ही भाग आपोआप थांबतात.

या कामाकडे वळण्यास दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटर, वेल्डर अथवा वीजतंत्री हा अभ्यासक्रम पूर्ण करता येतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये रेल्वेच्या कारखान्यांतही शिक्षण मिळते. तंत्रज्ञांची निवड रेल्वे भरती मंडळ परीक्षेद्वारे करते.

पहिला धडा मात्र हत्यारांचा नसतो. डब्याखाली जाण्यापूर्वी गाडीच्या दोन्ही टोकांस लाल खूण लावावयाची, आणि खालची सर्व माणसे बाहेर आल्याची खात्री झाल्यावाचून ती काढावयाची नाही.