बोलिव्हिया : समुद्र गमावलेला देश आणि एक निवासी शाळा

खानदेशातील स्वयंपाकघरात ज्याच्यावाचून दिवस सरत नाही, त्या भुईमुगाचे मूळ दक्षिण अमेरिकेतील आजच्या बोलिव्हियाच्या व लगतच्या उत्तर अर्जेंटिनाच्या भूमीत आहे, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. या दूरच्या देशाचा परिचय करून देण्यामागे आमचा हेतू मात्र केवळ भूगोलाचा नाही.

दक्षिण अमेरिकेत बोलिव्हिया व पराग्वे हे दोनच देश समुद्रकिनाऱ्याविना आहेत. बोलिव्हियाचे क्षेत्रफळ सुमारे १० लाख ९८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साडेतीन पट. लोकसंख्या मात्र सव्वा कोटीहूनही कमी. पश्चिमेस अँडीज पर्वत व त्याचे उंच पठार, तर पूर्वेस ॲमेझॉन खोऱ्यातील सखल अरण्य. घटनात्मक राजधानी सुक्रे असली, तरी शासनाचा कारभार ला पाझ येथून चालतो. हे शहर कळसूबाईच्या दुपटीहून अधिक उंचीवर वसले आहे.

या देशाला पूर्वी किनारा होता. १८७९ साली चिलीशी सुरू झालेल्या युद्धात तो गेला आणि १९०४ च्या तहाने त्यावर शिक्कामोर्तब झाले. २०१८ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही बोलिव्हियाच्या विरोधात निकाल दिला. तरीही तेथे दरवर्षी २३ मार्चला 'समुद्र दिन' पाळला जातो.

परंतु तेथील मूलनिवासी आयमारा व केचुआ लोकांनी जे गमावले, ते किनाऱ्याहून मोठे होते. पोतोसीच्या डोंगरात १५४५ साली चांदी सापडली. स्पॅनिश सत्तेने गावागावांतून पाळीपाळीने माणसे खाणीत जुंपली. १८२५ साली देश स्वतंत्र झाला, तरी जमीनदाराच्या घरी विनामोबदला राबण्याची प्रथा सुटली नाही. निरक्षरास मताधिकार नव्हता आणि ला पाझच्या मुख्य चौकात मूलनिवासींना मज्जाव होता.

अशा मज्जावाचा अर्थ खानदेशास वेगळा सांगावा लागत नाही. १९२९ साली अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर चाळीसगावी आले. महाराला टांग्यात बसवून नेण्यास टांगेवाल्यांनी नकार दिला. अननुभवी माणसाने हाकलेल्या टांग्यातून पडून बाबासाहेब जखमी झाले. दोन्ही देशांतील अन्याय सारखे नव्हेत : तेथे वसाहत व वंश, येथे धर्माने बळ दिलेली जात. वेठ मात्र दोन्हीकडे होती आणि तीतून सुटण्याची वाट दोन्हीकडे शाळेतूनच गेली.

टिटिकाका सरोवराच्या परिसरात वारिसाता हे गाव आहे. तेथे आवेलिनो सिन्यानी हे आयमारा गृहस्थ आपल्या लोकांच्या मुलांना शिकवीत. २ ऑगस्ट १९३१ रोजी त्यांनी व शिक्षक एलिझार्दो पेरेझ यांनी तेथे निवासी शाळेचा पाया घातला. गावकऱ्यांनी स्वतःच्या हातांनी भिंती उभ्या केल्या. अक्षरांबरोबर शेती व हस्तव्यवसाय शिकविले जात आणि कारभार गावातील जाणत्यांच्या सभेच्या विचाराने चाले. जमीनदारांना हे रुचले नाही. दशकभरातच शासनाने शाळेचे मूळ स्वरूप मोडीत काढले. १९४१ साली सिन्यानीही निवर्तले.

विचार मात्र मोडला नाही. १९५२ च्या क्रांतीनंतर निरक्षरांसह सर्वांना मताधिकार मिळाला. २ ऑगस्ट १९५३ रोजी, म्हणजे शाळेच्याच स्थापनादिनी, जमीनसुधारणेचा हुकूम निघाला. २००६ साली एव्हो मोरालेस हे आयमारा नेते राष्ट्राध्यक्ष झाले. २००९ च्या राज्यघटनेने स्पॅनिशसह ३६ मूलनिवासी भाषांना अधिकृत स्थान दिले आणि २०१० च्या शिक्षण कायद्यास सिन्यानी व पेरेझ यांचीच नावे देण्यात आली. दारिद्र्य व राजकीय कलह तेथे आजही आहेत. परंतु चौकातील मज्जाव इतिहासजमा झाला आहे.

आमच्या मते या देशाचा आपणांसाठी धडा हाच. शाळा उभारणे कठीण, पण ती टिकविणे त्याहून कठीण. वारिसाताची शाळा बाहेरून मोडली गेली; आपल्या शाळा आपल्याच दुर्लक्षाने ओस पडू शकतात. येथून शिकून बाहेर पडलेल्यांनी वर्षातून एकदा तरी परत यावे, एखाद्या मुलाच्या शिक्षणाचा भार उचलावा; पालकांनी मुलींचे शिक्षण मध्येच थांबवू नये. ज्यांच्या आजोबांना चौकातून हाकलले गेले, त्यांच्या नातवंडांना शाळेचे दार उघडे सापडले पाहिजे. ते उघडे ठेवणे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.