मोटारीचें तेल : दाट कीं पातळ?

चांदूर बाजार भागांतील पुष्कळ संत्रा-बागाइतदारांच्या दारीं ट्रॅक्टराशेजारीं आतां मोटारहि उभी असते. ट्रॅक्टरासाठीं आणलेला तेलाचा मोठा डबा घरांत असतोच. तेव्हां त्यांतलेंच तेल मोटारींत ओतावें, असें सहज मनांत येतें. शिवाय ‘वऱ्हाडांत ऊन कडक, सबब तेल जितकें दाट तितकें बरें’ अशी समजूत आहे. ती कितपत खरी, हें आम्ही येथें पाहूं.

तेलाचें कार्य : इंजिनांत धातूवर धातू घासूं नये म्हणून दोहोंमध्यें तेलाचा थर राहावा लागतो. तेल फार पातळ असल्यास हा थर तुटतो व भाग झिजतात. फार दाट असल्यास तें अरुंद वाटांतून वेळेवर पोंचत नाहीं. थंड इंजिन सुरू करतांना झीज वाढते आणि इंधनहि अधिक जळतें.

डब्यावरील आंकडे : ही प्रतवारी ‘एसएई’ या, १९०५ सालीं स्थापन झालेल्या अमेरिकन अभियंत्यांच्या संस्थेची आहे. ‘५ डब्ल्यू-३०’ यांतील ‘डब्ल्यू’ हें अक्षर हिवाळ्याचें निदर्शक होय. त्यामागील आंकडा जितका लहान, तितकें तेल थंडींत लवकर वाहतें. दुसरा आंकडा १०० अंश सेल्सियसवरील दाटपणा दाखवितो. तेथें ३० प्रतीचें तेल ९·३ ते १२·५ सेंटिस्टोक, तर ४० प्रतीचें १२·५ ते १६·३ सेंटिस्टोक असतें. १५ डब्ल्यू तेलाची थंडींतील एक परीक्षा उणे २० अंशांवर घेतात. आपल्याकडील थंडी त्या मानानें कांहींच नव्हे.

उन्हाचा प्रश्न : वैशाखांत पारा ४५ अंशांच्या घरांत गेला तरी चालू इंजिनांतील पाणी थर्मोस्टॅट व पंखा यांच्या योगानें सुमारें ९० अंशांवरच राखलें जातें. इंजिनाची रचना त्याच उष्णतेस धरून केलेली असते. म्हणून केवळ उन्हासाठीं पुस्तिकेबाहेरचें दाट तेल घालण्याचें कारण नाहीं. पुस्तिकेंत हवामानाप्रमाणें दोन-तीन प्रती दिलेल्या असल्या, तर उष्ण प्रदेशासाठीं सांगितलेली घ्यावी.

ट्रॅक्टराचें तेल : ट्रॅक्टरास बहुधा १५ डब्ल्यू-४० किंवा २० डब्ल्यू-४० तेल सांगितलेलें असतें, नव्या पेट्रोल मोटारींस पुष्कळदां ० डब्ल्यू-२० किंवा ५ डब्ल्यू-३०. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांप्रमाणें बनलेल्या डिझेल मोटारींत काजळीची गाळणी असते. तींस कमी राखेचें तेल लागतें, नाहींतर गाळणी राखेनें भरते. उलट, मोटारीचें पातळ तेल नांगरटीच्या ओझ्याखालील ट्रॅक्टरांत घालणें तितकेंच घातक. सारांश, आंकड्याबरोबर तेलाची जातहि जुळली पाहिजे.

सूचना :
१. तेल घेण्यापूर्वीं पुस्तिका पाहावी. मिस्त्रीसहि ती दाखवावी.
२. सपाट जागीं, इंजिन बंद करून कांहीं मिनिटांनीं पट्टीवर तेल पाहावें.
३. तेल काळें झालें म्हणजे बिघडलेंच असें नव्हे. काजळी धरून ठेवणें हें त्याचें कामच आहे. मात्र तें दुधाळ दिसल्यास पाणी शिरल्याचा संशय घेऊन मोटार चालवूं नये.
४. मोटार थोडी चालत असली तरी पुस्तिकेंतील मुदतीस तेल बदलावें.

डब्यामागें थोडे रुपये वांचवून आंबिया बहाराचा पैसा इंजिनाच्या दुरुस्तींत घालविणें शहाणपणाचें नव्हे. पिकास खत जसें जमीन पाहून, तसें इंजिनास तेल त्याची पुस्तिका पाहूनच द्यावें, अशी आमची वाचकांस सूचना आहे.